सुखदेव, तुझी नोंद लागली

सुखदेव, तुला पोचवून आलो, जलदान विधीही झाला, तरी माझा राग काही उतरला नाही. घरचे म्हणतात, गेलेल्या माणसावर रागावू नये. मग रागावू तरी कोणावर? जिवंतपणी तू मला कधी धड रागावू दिलं नाहीस. मी चिडलो की तू तंबाखूची डबी काढायचास आणि म्हणायचास, "दिगा, लयच तापला आज. बस खाली." आता तरी माझं पूर्ण ऐकून घे. मध्ये बोलायची सोय राहिली नाही तुला.

लिहिताना मी शाळेतलं मराठी लिहितो आहे, त्यावर हसू नकोस. पत्र म्हटलं की मला बोलतो तसं लिहिताच येत नाही. आघाडीवरून घरी धाडायची तुझी पत्रंसुद्धा मीच याच भाषेत लिहायचो आणि तुझी आई म्हणायची, माझा सुखदेव पलटणीत जाऊन पुण्याचा झाला.

हे सगळं तुझ्या गावच्या चहाच्या टपरीवर सुरू झालं. मी देऊळगाव राजाहून तुला भेटायला आलो होतो. ग्रामपंचायत गावातल्या फौजी लोकांच्या नावांचा फलक लावणार होती आणि एक तरुण सदस्य माहिती गोळा करत हिंडत होता. त्यानं तुला विचारलं, "काका, तुम्हाले काही मेडल वगैरे?" तू मान हलवून नाही म्हणालास. मला राहवलं नाही. मी सांगितलं की याला शौर्याचं पदक जाहीर झालं होतं, खांद्यात गोळी लागली म्हणून जखमेचं वेगळं, आणि मी आज इथं बसून चहा पितो आहे तो याच्यामुळे. पोरगं चांगलं होतं, उद्धट नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं, "कागद आहे का काही?"

तू घरातून फौजेचं डिस्चार्ज बुक आणलंस. पदकांच्या जागी सगळ्यांना मिळतात ती दोन साधी पदकं. बाकी कोरं. त्या मुलानं ते माझ्यापुढे धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या फौजीच्या गप्पा ऐकताना लोक जसं पाहतात, तसं. भर टपरीवर मी खोटा ठरलो, सुखदेव. आणि तू काय केलंस? बशीत चहा ओतलास आणि म्हणालास, "जाऊ दे ना बे. झालं गेलं."

तुझं झालं गेलं असेल. माझं नाही.

मला जे माहीत आहे ते इथं एकदा सरळ सांगतो, कारण हे कोणी तिसऱ्यानं वाचलं तर त्यालाही कळलं पाहिजे. आपण दोघं एकाच भरतीत लागलो, तू मेहकरकडचा, मी देऊळगाव राजाकडचा, आणि एकाच तुकडीत पडलो. सरहद्दीवरच्या त्या बर्फातल्या चौकीवर आपण होतो. समोरून गोळीबार सुरू झाला तेव्हा मी दगडी भिंतीच्या बराच पुढे होतो. मांडीत गोळी लागली आणि पडलो. पाय उचलेना. तू भिंतीच्या आड सुखरूप होतास. कोणी तुला हुकूम दिला नव्हता. तू उठून बाहेर आलास, मला पाठीवर घेतलंस आणि वळलास. तुझा श्वास मला ऐकू येत होता. मग तुला खांद्यात लागली आणि आपण दोघं आदळलो. पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा दवाखान्यात होतो, आणि शेजारच्या खाटेवर तू, खांदा बांधलेला.

आपले हवालदार, वानखडे साहेब, तिथं आपल्याला भेटायला आले. कमांडिंग साहेबांनी सगळ्या पलटणीपुढे तुझं नाव वाचलं, पदक जाहीर झालं, हे त्यांनीच सांगितलं. तू खाटेवर लाजून भिंतीकडे तोंड केलंस. नंतर तुझी बदली दुसऱ्या युनिटला झाली. पदक काही तुझ्यामागे आलं नाही आणि तू कधी विचारलं नाहीस. कोणी असं करतं का? माणूस एसटीत विसरलेली पिशवीसुद्धा शोधत डेपोपर्यंत जातो.

तर टपरीवरून उठलो तेव्हाच मी ठरवलं की तुझी नोंद दुरुस्त करून घ्यायची. तू "बरं" म्हणालास, कारण नाही म्हटलं असतं तर मी आणखी बोललो असतो.

मी देऊळगाव राजाहून यायचो, तू मेहकरहून, आणि चिखलीच्या स्टँडवर आपण भेटायचो. तिथून एकाच गाडीनं बुलढाण्याला, जिल्हा सैनिक कार्यालयात. निदान तसं ठरलेलं असायचं. कितीदा तू आलाच नाहीस. फोन केला तर म्हणायचास, "अरे, सोयाबीनले पाणी देऊन राह्यलो." सोयाबीन निघालेलं असलं तरी तू पाणीच देत असायचास. त्या स्टँडवरचा कँटीनवाला मला ओळखायला लागला. एकटा दिसलो की विचारायचा, "आज बी नाही आले का तुमचे पार्टनर?"

आणि आलास तेव्हा तर आणखी कहर. ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितलं, दूरच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवायचा, त्यासोबत तुमचं स्वतःचं निवेदन हवं आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्या दोघांचं. भला माणूस होता. पेन काढून म्हणाला, "बोला काका, काय झालं होतं त्या दिवशी?"

तू म्हणालास, "मी काही केलं नाही साहेब. मले यानंच आणलं वापस." आणि बोट माझ्याकडे.

क्लार्कनं पेन खाली ठेवलं. "अर्ज नक्की कोणाचा आहे?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो याचा. तू म्हणालास, "लिहायचंच असन तर याचं नाव लिहा. मी तं अर्ध्यातच पडलो होतो." मग जखमेचं विचारलं. खूण कुठे आहे म्हटलं, तर सदरा काढायला तयार नाहीस. तिथं दोन बाया बसल्या होत्या म्हणून. डॉक्टरचा दाखला आणून देतो म्हणालास आणि तो आणायलाही दिवाळी उलटून गेली.

परतीला चिखलीच्या स्टँडवर आपण भांडलो. आठवतं ना. लोक वळून पाहत होते. मी म्हटलं, "तू मला तिथं खोटं पाडलंस. सरकारी माणसापुढं." तू म्हणालास, "खोटं मी नाही बोललो. तू बेशुद्ध होता. तुले काय आठवते?" मी म्हटलं, "मांडीचं हाड मोडलेला माणूस तुला आणणार कसा? डोक्यावर घेऊन?" तू म्हणालास, "ओढत. पट्ट्याले धरून." आणि मी म्हणालो, मोठेपणा दुसऱ्याच्या गळ्यात टाकायची तुला सवयच आहे, ती आता पुरे कर. तुझी गाडी आली, तू चढलास, खिडकीतूनही पाहिलं नाहीस. पुढे बरेच दिवस फोन नाही. शेवटी वहिनींनीच फोन करून सांगितलं की ज्वारीच्या बिबड्या केल्या आहेत, घेऊन जा, आणि ते अंगणात तोंड पाडून बसतात, तेवढं पाहून जा. मी आलो. तू माझ्यासाठी खाट टाकलीस आणि आपण त्या विषयावर बोललो नाही. भांडण मिटलं नव्हतं, बाजूला ठेवलं होतं.

वानखडे साहेबांमुळे गाडी पुढे सरकली. ते जळगाव जामोदला मुलाकडे असतात हे कळल्यावर मी तुला जवळजवळ ओढतच नेलं, खामगावला गाडी बदलून. साहेब संत्र्याच्या बागेत खुर्ची टाकून बसले होते. कानानं अधू, पण आवाज तोच, परेडचा. आपण वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "वाकता काय? सलाम करा." आपण केला. सातपुड्याकडून वारा येत होता आणि दोन पिकली माणसं संत्र्याच्या झाडाखाली सावधानमध्ये उभी. त्यांची सून दारातून पाहून आत हसत गेली.

मी सगळं सांगितलं. तू मध्येच बोलायला लागलास तर साहेब म्हणाले, "तुले कोणी विचारलं? गप्प राह्य." तू गप्प राहिलास. आयुष्यात त्या एकाच माणसाचं तू ऐकलंस. त्यांनी सुनेला बोलावून आपलं निवेदन लिहायला लावलं: सुखदेव भिंतीआडून स्वतःहून बाहेर गेला, दिगंबरला पाठीवर घेतलं, वळला, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. पुढे बर्फाचा धुरळा उठला. धुरळा बसल्यावर हे दोघं भिंतीपाशी एकमेकांत गुंतलेले सापडले. पलटणीपुढे नाव वाचलं तेव्हा मी हजर होतो. मग तुझ्याकडे वळून म्हणाले, "सही कर याच्या अर्जावर. हुकूम आहे." तू मुकाट्यानं सही केलीस.

परत येताना गाडीत तू म्हणालास, "धुरळ्यात काय झालं ते साहेबानंही नाही पाह्यलं." मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

त्यानंतर जे झालं ते तुला फारसं माहीत नाही, कारण मी तुला सांगणंच सोडलं होतं. अर्ज परत यायचा. कधी तुझ्या वडिलांच्या नावात एक काना जास्त म्हणून. कधी गावाचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं म्हणून. एकदा तर लिहून आलं, मूळ आदेशाची प्रत जोडावी. प्रत त्यांच्याच कपाटात, ती सापडत नाही म्हणून तर अर्ज. मी तो कागद घेऊन अंगणात उभा राहिलो आणि एकटाच बडबडत होतो, तेव्हा माझी बायको म्हणाली, "त्या सुखदेवभाऊले पदक भेटायच्या आधी तुम्हाले वेड लागन."

शेवटी कोणीतरी, कोण ते मला कधी कळलं नाही, तिकडे जुन्या आदेशांचे गठ्ठे खरंच उघडून पाहिले. पदक जाहीर झालेलं होतं. तुझं नाव होतं. फक्त तुझ्या फौजी नंबरातले दोन आकडे उलटे पडले होते. त्या नंबराचा माणूस वेगळाच, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही, म्हणून नोंद कोणाच्याच नावावर लागली नव्हती. एवढंच. दोन आकडे. टंकणाऱ्याला घाई असेल, की थंडीनं बोटं आखडली असतील. त्यापायी माणूस जन्मभर बिनपदकाचा राहिला आणि मी टपरीवर खोटा ठरलो.

दुरुस्त झाल्याचा फोन बुलढाण्याहून आला तेव्हा तू मेहकरच्या दवाखान्यात होतास. फुफ्फुसं साथ देत नव्हती. मी मिळेल त्या गाडीनं आलो. वहिनी उशाशी बसल्या होत्या. मी तुझ्या कानाशी सांगितलं, "नोंद लागली. दोन्ही लागली. शौर्याचंही आणि जखमेचंही."

मला वाटलं होतं, तू हसशील. निदान डोळे भरतील. तू ऑक्सिजनचा मास्क बाजूला केलास आणि म्हणालास, "झालं का तुह्या मनासारखं?"

एवढ्या हेलपाट्यांनंतर हे. मी म्हणालो, "माझ्या मनासारखं नाही. जे खरं होतं तसं झालं."

"अर्धं खरं झालं," तू म्हणालास. "बाकी अर्धं तुले आठवत नाही, तं मी काय करू?"

वहिनींनी मास्क परत लावला आणि मला डोळ्यांनी खुणावलं की पुरे. मी पुरे केलं. बाहेर जाऊन बाकावर बसलो आणि मनातल्या मनात तुला शिव्या दिल्या. पुन्हा आत आलो तेव्हा तुला झोप लागली होती. ते आपलं शेवटचं बोलणं. आजारी माणसापाशी शेवटचं काय बोलावं, याबद्दल लोक बरंच काही सांगतात. आपण तिथंही वाद घातला.

आता जलदानाचं. वंदना झाली, मग आदरांजलीची सभा. तो ग्रामपंचायतीचा मुलगाही पुढे बसला होता. मी नवीन कागद हातात घेऊन उभा राहिलो आणि सगळ्या गावाला सांगितलं. तू भिंतीआडून कसा निघालास, मला पाठीवर कसं घेतलंस, गोळी लागली तरी सोडलं नाहीस. कागद वाचून दाखवला. बोलताना माझा आवाज फाटला, पण थांबलो नाही. त्या मुलानं नंतर येऊन दोन्ही हातांनी माझा हात धरला. बरं वाटलं.

लोक पांगल्यावर वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली तुझा फोटो ठेवला होता. वहिनी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही समदं उलटं काऊन सांगतलं?"

मला कळेना. मी म्हटलं, "उलटं कसं वहिनी?"

"तुम्हीच त्याईले आणलं ना. लग्न झालं तवापासून ऐकून राह्यली मी. हे तं पहिल्याच वर्षी सांगत होते, मी तुह्यापाशी बसलो हाओ ते दिगानं ओढून आणलं म्हणून. सासूबाई होत्या तवा त्याही म्हणत, त्या देऊळगावच्या पोराच्या ताटात पहिले वाढ." त्यांनी तुझ्या फोटोकडे पाहिलं. "हे म्हणत, तो कबूल नाही करणार. लाजते. पण एवढ्या लोकाईसमोर तुम्ही साफच नाही म्हणसान, असं नव्हतं वाटलं मले."

सुखदेव, तुझ्या घरी मी कितीदा जेवलो. वहिनी आधी मला वाढायच्या, तुझ्याही आधी, आणि मी समजायचो की पाहुण्याला मान देतात. मी म्हटलं, "वहिनी, तो सांगायचा खरं, पण तसं झालं नाही. मला पायच उचलत नव्हता. तो मोठेपणा देत होता मला."

"मग पवळ्या कोण?" वहिनींनी विचारलं.

मी होतो तिथंच खाली बसलो.

"हे सांगत, की हे पडले अन् यायनं डोळे मिटले. म्हणे आता नाही होत. तं तुम्ही पोटावर सरकत आले, यायच्या पट्ट्यात हात घातला अन् ओढाले लागले. अन् सारखं एकच बोलत होते. चाल रे पवळ्या, वेस आली. चाल पवळ्या, वेस आली. यायले वाटलं, डोक्याले लागलं तुमच्या."

पवळ्या आमच्या घरचा बैल होता. मी लहान असताना वडील मला गाडीत पुढे बसवायचे आणि कासरा हातात द्यायचे. पवळ्या म्हातारा होता, गावाजवळच्या चढावर थांबून जायचा, आणि मी त्याला हेच म्हणायचो. मी फौजेत जायच्या कितीतरी आधी तो मेला. पलटणीत मी त्याचं नाव कोणापुढे काढलं नव्हतं. तुझ्यापुढेही नाही. काढण्यासारखं काय होतं त्यात? बैल होता.

म्हणजे मी बोललो होतो. त्या बर्फात, मला आठवत नाही अशा वेळी, मी बोललो होतो आणि तू ऐकलं होतंस.

मी वहिनींना विचारलं, "मला हे नाव त्यानं कधीच का नाही सांगितलं? जन्मभर भांडलो आम्ही यावर. एवढं एक नाव सांगितलं असतं तर माझं तोंड बंद झालं असतं."

वहिनींना हसू आलं आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्याला लावला. "त्यायले राग होता ना त्याचा. म्हणत, मी मरून राह्यलो अन् हा मले बैल म्हणते. कोणाले सांगू नको म्हणे, गाव हासन मले."

हे कारण. सुखदेव, हे कारण होतं. चिखलीच्या स्टँडवर तू मला 'ओढत' म्हणालास, 'पट्ट्याले धरून' म्हणालास, सगळं सांगितलंस, आणि ज्या एका शब्दानं मला पटलं असतं तो गिळून बसलास, कारण तुला बैल म्हणवून घ्यायचं नव्हतं. आणि मी, मला वाटायचं तू दिलदार माणूस म्हणून खोटं बोलतोस. दिलदार होतास, पण खोटं बोलत नव्हतास. आता हे कोणाला सांगू?

वहिनींनी सांगायची सोय शोधून ठेवली आहे. म्हणाल्या, "भाऊ, यायच्या नावानं अर्ज केला तुम्ही. आता तुमच्या नावानं मी करतो. कागद कसे करायचे ते सांगा."

मी म्हटलं, "वहिनी, त्याला प्रत्यक्ष पाहणारा माणूस लागतो. पाहणारा तोच एक होता."

"मी ऐकलं हाये ना. येक डाव नाही, हजार डाव ऐकलं."

"ऐकलेलं चालत नाही."

"मग चालते तरी काय त्या लोकाईले?" त्या चिडून म्हणाल्या. त्यांचा तो चेहरा पाहून मला पहिल्यांदा बरं वाटलं. इतके दिवस मी एकटाच चिडलेलो होतो.

मी त्यांना नको म्हणालो. परत परत नको म्हणालो. माझं नाव कुठं लागावं असं मला वाटत नाही, खरंच नाही वाटत, आणि आता कुठे कळतं आहे की तू नको म्हणायचास तेव्हा तुलाही खरंच नकोच असेल. पण म्हणून मी केलं ते चुकलं असं मात्र मी म्हणणार नाही. तुझी नोंद लागायलाच हवी होती. त्यावर वाद नको.

दुसऱ्या गोष्टीवर मात्र तुझं बरोबर होतं. मी तुला ओढत आणलं. मला अजूनही आठवत नाही, डोळे मिटून कितीही बसलो तरी आठवत नाही, पण पवळ्याचं नाव माझ्याशिवाय तिथं दुसरं कोणी घेणार नव्हतं. तुझं खरं होतं, सुखदेव. हे मी तुला तोंडावर म्हटलं असतं. तेवढं ऐकायला तरी थांबायचं होतं बे.